ऋतुचित्र आणि मुरक्का : चित्रखंडांच्या पुनर्योजनेचा विचार

(१)

भारतीय लघुचित्रांच्या अभ्यासात दोन प्रश्नांची चर्चा सामान्यतः स्वतंत्रपणे केली जाते. ऋतूंचे चित्रण कसे झाले, हा पहिला प्रश्न. आणि तयार झालेली चित्रे पुढे कापून, चिकटवून, निराळ्या चित्रांच्या शेजारी बसवून कशी वापरली गेली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काव्य व शिल्पशास्त्र यांच्या आधारे शोधले जाते. दुसरा बहुधा संग्रहालयाच्या नोंदवहीवर सोपविला जातो. चित्राची निर्मिती ही कलेची घटना आणि त्याचे कापले जाणे हा केवळ अपघात, अशी या विभागणीमागील समजूत आहे.

ही समजूत तपासून पाहण्याचे कारण व्यावहारिक आहे. ऋतुचित्रांचे मोठमोठे संच पानापानांनी विखुरले असून त्यांतील एखादे पान एका संग्रहालयात, दुसरे दुसऱ्या खंडात आणि तिसरे खाजगी संग्रहात, अशी त्यांची आजची अवस्था आहे. विद्यार्थ्यासमोर येणारे ऋतुचित्र बहुतेक वेळा सुटे पान असते. पुष्कळदा त्याचा हाशिया छाटलेला असतो आणि तो दुसऱ्याच काळात नव्याने जोडलेला असतो. तेव्हा कात्रीचा विचार टाळून ऋतुचित्राचा अर्थ लावू गेल्यास तो अर्थ अपुरा राहतो.

लघुचित्रातील ऋतू मेघ, पळस, धुके इत्यादी चिन्हांत पूर्णपणे सामावलेला नसतो. त्याचा मोठा भाग चित्राच्या शेजारसंबंधांत, म्हणजे त्याच्या आधी व नंतर कोणते पान येते, त्याच्या माथ्यावर कोणते पद्य आहे आणि ते केव्हा पाहिले जाते, यांत असतो. हे मान्य केले की चित्र कापले गेले की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि कापल्यावर त्याला कोणता शेजार लाभला, हा प्रश्न पुढे येतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे.

‘कोलाज’ या संज्ञेविषयी प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. आधुनिक चित्रकलेत या पद्धतीची प्रतिष्ठापना ब्राक व पिकासो यांनी १९१२ साली केली. त्यापूर्वीच्या रचनांना हे नाव देणे काटेकोर अर्थाने कालविपर्यासाचे होय. येथे ही संज्ञा व्यापक अर्थाने, म्हणजे आधी स्वतंत्रपणे तयार झालेले चित्रखंड पुन्हा योजून केलेली नवी रचना, अशा अर्थाने वापरली आहे.

(२)

ऋतूंच्या चित्रणाचे विधान विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात आढळते. वसंतासाठी तेथे फुललेले वृक्ष, कोकिळ, भ्रमर व आनंदित स्त्रीपुरुष सांगितले आहेत. ग्रीष्मात थकलेली माणसे, सावलीत दडलेले पशू, चिखलात बसलेल्या म्हशी व आटलेली तळी दाखवावयाची. वर्षाकाळी पाण्याने जड झालेले मेघ व वीज. शरदात पिकलेली शेते व हंसांनी शोभणारी सरोवरे. शिशिरासाठी गारठलेल्या माणसांबरोबर आनंदित झालेले कावळे व हत्ती दाखवावेत, असे तेथे म्हटले आहे. हा शेवटचा तपशील मार्मिक आहे. थंडी ही माणसाला पीडा व हत्तीला सुख, अशी दुहेरी घटना म्हणून चित्रात येते. एकट्या कुडकुडणाऱ्या माणसाने किंवा एकट्या हत्तीने शिशिर सिद्ध होत नाही. म्हणजे चिन्हांच्या यादीतसुद्धा परस्परसंबंधाचे तत्त्व बीजरूपाने आहेच.

हे तत्त्व काव्यात अधिक स्पष्ट होते. ‘ऋतुसंहारा’चा आरंभ ग्रीष्माने व शेवट वसंताने होतो. ऋतू तेच सहा. परंतु त्यांचा क्रम दाहाकडून प्रफुल्लतेकडे नेणारा आहे. हेच सर्ग वसंतापासून शिशिरापर्यंत लावले असते, तर प्रत्येक श्लोक जसाच्या तसा राहूनही संपूर्ण काव्याचा भाव पालटला असता. क्रम हा अर्थाचा घटक आहे, त्याची केवळ बैठक नव्हे.

लघुचित्रांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची परंपरा बारामाशाची होय. तिचे दोन प्रकार ध्यानी घेतले पाहिजेत. पहिल्यात विरहिणी दूर गेलेल्या प्रियकराची वाट पाहत महिन्यामागून महिना मोजते. जायसीच्या ‘पद्मावता’तील नागमतीचा बारामासा या जातीचा असून त्याचा आरंभ आषाढाने होतो. दुसऱ्या प्रकारात प्रियकर अद्याप गेलेला नसतो. ओर्छ्याच्या केशवदासाने १६०१ मध्ये रचलेल्या ‘कविप्रिये’च्या दहाव्या प्रभावातील बारामासा या प्रकारचा आहे. तो चैत्रापासून सुरू होतो. प्रत्येक महिन्याचे वर्णन करून नायिका शेवटी एकच सांगते की, या महिन्यात घर सोडून जाऊ नये. केशवदासाने हा बारामासा आक्षेपालंकाराच्या विवेचनात घातला आहे, ही गोष्ट चित्रांच्या अभ्यासकांच्या नजरेतून अनेकदा निसटते. अलंकाराच्या दृष्टीने हे ऋतुवर्णन म्हणजे निषेधाची बारा वेळा केलेली मांडणी आहे.

बुंदी, कोटा व पहाडी प्रदेशांतील चित्रकारांनी केशवदासाची पदे चित्रबद्ध केली, तेव्हा या मांडणीचे चित्रगत रूप त्यांना शोधावे लागले. त्यांनी योजलेला उपाय साधा व समर्थ आहे. गच्चीवर किंवा सज्जात बसलेले अथवा उभे असलेले युगुल पानापानांतून जवळजवळ तेच राहते. नायिकेचा हात बोलण्याच्या मुद्रेत उचललेला असतो. आणि त्यांच्या भोवतालचे जग मात्र प्रत्येक पानावर पालटते. कार्तिकात दिवे लागतात, फाल्गुनात रंग उडतो, श्रावणात वीज मेघांना बिलगते आणि वेली वृक्षांना. युगुल स्थिर व सृष्टी चंचल, अशी ही योजना आहे.

आता यातील एकच पान वेगळे काढून पाहिले तर काय दिसते? श्रावणाच्या पानावर पाऊस पाहणारे एक सुखी जोडपे दिसते. नायिकेचा उचललेला हात मेघांकडे निर्देश करीत असावा, असे वाटते. बारा पाने क्रमाने पाहिल्यावर मात्र तोच हात निषेधाचा आहे हे उमगते. एका पानावर ती एक विनंती असते. बाराव्या पानापाशी येईतो वर्षातील एकही महिना प्रवासाला योग्य नाही, असा युक्तिवाद पूर्ण झालेला असतो. त्या युक्तिवादात एक कारुण्यही आहे. ज्याला बारा वेळा थांबविणे भाग पडते तो जाण्याच्या तयारीत बारा वेळा उभा आहे, हे प्रेक्षकाच्या लक्षात हळूहळू येते. ही जाणीव कोणत्याही एका चित्रात रंगविलेली नाही. ती चित्रांच्या ओळीत आहे.

(३)

येथवरच्या विवेचनातून असा निष्कर्ष काढणे सोपे आहे की, संच अखंड असणे हेच ऋतुचित्राचे जीवित आणि कात्री हा त्याचा मृत्यू. परंतु चित्रशाळेतील प्रत्यक्ष कामाकडे पाहिले म्हणजे हा निष्कर्ष ढासळू लागतो.

लघुचित्र ज्या पृष्ठावर काढले जाते ती वसली मुळात चिकटवून तयार केलेली वस्तू आहे. हातकागदाचे अनेक ताव खळीने एकावर एक डकवून, वाळवून आणि अकीकाने घोटून तो जाड, गुळगुळीत पुठ्ठा सिद्ध होतो. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याचीही पद्धत आहे. ‘वसली’ या शब्दाच्या मुळाशी जोडणी किंवा मीलन या अर्थाचा ‘वस्ल’ हा अरबी शब्द आहे. लघुचित्राचा पायाच असा सांध्यांचा आहे.

रेखाटनाचेही तसेच. एकदा साधलेली आकृती पुन्हा वापरण्यासाठी तिचा चर्बा, म्हणजे पातळ पारदर्शक चामड्यावरील खाका, जपून ठेवला जाई. रेषेवर सुईने बारीक छिद्रे पाडून त्यांवरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरविली की खालच्या कागदावर ठिपक्यांची आकृती उमटे. मग ती उजवीकडची डावीकडे उलटविता येई, एका संचातील नायिका दुसऱ्या संचाच्या सज्जात बसविता येई. बारामाशाच्या पानापानांतून युगुल तेच राहते, त्यामागे अर्थाची निकड होती आणि चर्ब्याची सोयही होती. दोहोंपैकी एकाचेच श्रेय मान्य करणे एकांगीपणाचे होईल. कला आणि काटकसर येथे एकाच हाताने काम करतात.

तेव्हा पुनर्योजन ही चित्र पूर्ण झाल्यावर बाहेरून लादली जाणारी क्रिया नव्हे. ती चित्र घडतानाच चालू असते. चर्ब्याने आकृतीची पुनर्योजना होते आणि कात्रीने प्रत्यक्ष कागदाची. पहिलीत मूळ चित्र शाबूत राहते, दुसरीत ते नष्ट होते. हा फरक मोठा आहे आणि तो पुसून टाकण्याचे कारण नाही. तथापि दोन्ही क्रियांचे मूल्यमापन करताना विचारावयाचा प्रश्न एकच आहे : उचललेल्या खंडाला नव्या जागी काही काम दिले आहे काय?

या प्रश्नाचा रोख महाराष्ट्रातील घरोघरच्या एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. श्रावण लागताच देवघराजवळ जिवतीचा कागद लावला जातो. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळविणाऱ्या जरा-जिवंतिका आणि हत्ती व वाघ यांवर बसलेले बुध-बृहस्पती अशी चार चित्रे असतात. या चौघांना एकत्र आणणारी कोणतीही कथा पुराणात नाही. त्यांचे दृश्य प्रमाणही परस्परांशी जुळत नाही. तरीही हा कागद विस्कळीत वाटत नाही. कारण नागपंचमी, शुक्रवारची जिवती, शनिवारचा नरसिंह आणि बुधवार-गुरुवारचे बुध-बृहस्पती असे श्रावणातील दिवसांचे कोष्टकच त्यावर मांडलेले असते. कागदावर एकही मेघ नाही, पावसाची एकही धार नाही. पण तो दुसऱ्या कोणत्याही महिन्याचा होऊ शकत नाही. ऋतू विषयात नसून मांडणीत व वापरात असू शकतो, याचा याहून सोपा पुरावा मिळणे कठीण. निरनिराळ्या ठिकाणचे खंड एकत्र आणणारी रचनाही ऋतुचित्र असू शकते, हेही त्यावरून सिद्ध होते.

(४)

कात्रीने केलेल्या पुनर्योजनेचे सर्वांत विकसित रूप म्हणजे मुरक्का. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ठिगळे लावलेला असा असून दरवेशाच्या गोधडीवजा झग्यालाही हेच नाव आहे. निरनिराळ्या काळांतील व हातांतील चित्रे, सुलेखनाचे नमुने आणि अलंकृत कागद एकत्र बांधून केलेल्या संग्रहाला वैराग्याच्या वस्त्राचे नाव मिळावे, यातील विसंगती गमतीची आहे. परंतु शब्द नेमका आहे. ठिगळ हे झाकण्यासाठी लावलेले असले तरी ते ठिगळ म्हणून दिसतेच.

इराणमध्ये ही कला पंधराव्या-सोळाव्या शतकांत प्रौढावस्थेस पोहोचली. सफवी राजपुत्र बहराम मिर्झा याच्या मुरक्क्यास दोस्त मुहम्मद याने १५४४ च्या सुमारास लिहिलेली प्रस्तावना ही चित्रकार व सुलेखनकार यांच्या परंपरेची इतिहासकथा म्हणून प्रसिद्ध आहे. संग्रह बांधणारा केवळ डिंक-कात्रीचा कारागीर न राहता इतिहासकार व रसिक होतो, हे त्या प्रस्तावनेवरून दिसते. मुघल दरबारात जहांगीर व शाहजहान यांच्या काळी या कलेला विशेष आश्रय लाभला. जहांगीरच्या मुरक्क्याचा मोठा भाग तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्याच्या ग्रंथालयात असून काही पाने बर्लिन येथे आहेत. त्यांत युरोपीय ठशांचे कापलेले तुकडेही बसविलेले आढळतात.

ऋतुचित्राच्या दृष्टीने येथे एक मार्मिक स्थित्यंतर पाहावयास मिळते. १६२० च्या वसंतात जहांगीर काश्मिरात होता. तेथील फुलांची गणती करता येत नाही, आणि उस्ताद मन्सूरने रंगविलेल्या फुलांची संख्या शंभरावर गेली, अशी नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मन्सूरच्या या शंभर फुलांपैकी फारच थोडी आज शिल्लक आहेत. अलिगढ येथील लाल ट्यूलिपचे चित्र त्यांत सर्वपरिचित आहे. हे खऱ्या अर्थाने ऋतूचे काम होते : एका प्रदेशातील, एका वर्षाच्या वसंतात उमललेली फुले पाहून केलेली. फूल आणि तारीख यांचा संबंध येथे तुटलेला नाही.

शाहजहानच्या मुरक्क्यांत फुले पानांच्या मध्यभागातून हाशियात गेली. सोनेरी रेषांच्या चौकटीबाहेर, फिकट भूमीवर, एकेक रोप सुटे उभे असे हे हाशिये आहेत. त्यांतील सर्व फुले काश्मीरची नाहीत आणि त्यांच्या मांडणीवर युरोपीय वनस्पतिग्रंथांचा प्रभावही आहे. परंतु मुख्य फरक काळाचा आहे. हाशियातील फुलांना महिना नसतो. वसंतातील व शरदातील फुले एकाच पानावर शेजारी उमललेली असू शकतात. निरीक्षणातून आलेला ऋतू येथे विरघळून एक चिरवसंत तयार होतो. याला ऱ्हास म्हणावे काय? तसे म्हणणाऱ्यास हाशियाचे काम कळलेले नाही, असे म्हणावे लागेल. मध्यभागी वृद्ध सरदाराची शबीह, भोवती कधीच न कोमेजणारी फुले : या शेजारामुळे माणसाचे वय व फुलांचे तारुण्य परस्परांस उजळतात. फुलाने आपला महिना गमावला, पण दुसऱ्याच्या आयुष्याचे मान होण्याचे काम त्याला मिळाले.

मुरक्क्याची दुसरी शक्ती समोरासमोरच्या पानांत आहे. शाहजहानकालीन संग्रहांची रचना अशी की, पान उलटताच दोन चित्रे समोरासमोर यावीत आणि पुढचे पान उलटताच दोन सुलेखने. समोरासमोरच्या हाशियांची योजना परस्परांशी जुळविलेली असे. दारा शुकोहने आपली पत्नी नादिरा बानू बेगम हिला दिलेल्या, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या मुरक्क्यात पक्षी, फुले व तरुण व्यक्ती यांच्या जोड्या या न्यायाने लावलेल्या आहेत. एकेकट्या पानावर जी नजर चित्राबाहेर रिकाम्या जागेत जाते, ती समोरच्या पानावर येऊन थांबते. ही नजर कोणत्याही एका चित्रकाराने रंगविलेली नसून संग्रह लावणाऱ्याने ती जुळविलेली असते.

अर्थात मुरक्क्याचे निर्दोषत्व मान्य करावयाचे नाही. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेल्या केव्होर्कियन मुरक्क्याच्या पानांवर चित्राभोवती व सुलेखनाभोवती फारसी पद्यांच्या कापलेल्या पट्ट्या डकविलेल्या आहेत. त्यांतील पुष्कळ पद्यांचा मधल्या चित्राशी काहीही संबंध नाही. कोणत्या तरी हस्तलिखिताचा जीव घेऊन त्याची झालर केली आहे. चित्राला शेजार देताना काव्याचा शेजार तोडला गेला, ही या वैभवाची किंमत होय. साहित्याच्या अभ्यासकाने तरी ती विसरता कामा नये.

(५)

मुरक्क्याच्या या तत्त्वाची पूर्ण उलट बाजू व्हिएन्नातील शॉनब्रुन राजवाड्यात दिसते. मारिया थेरेसाच्या काळात, १७६० च्या दशकात, तेथील एक दालन मौल्यवान शिसवी जातीच्या लाकडाने मढविण्यात आले. वळणदार, असमान आकारांच्या ६० सोनेरी चौकटी त्या भिंतींत बसविल्या गेल्या आणि सोळाव्या-सतराव्या शतकांतील अडीचशेहून अधिक मुघल शैलीची चित्रे त्या चौकटींसाठी वापरली गेली. चौकटींचे आकार वेडेवाकडे व चित्रे आयताकृती. म्हणून चित्रे कापली गेली आणि त्यांच्या तुकड्यांतून नवी चित्रे जुळविली गेली. हे काम राजघराण्यातील व्यक्तींनीच केले, असे सांगितले जाते. दालनाच्या किमतीवरून त्याला ‘लक्षावधींचे दालन’ या अर्थाचे नाव पडले.

या दालनात बारामासा नाही; मुघल दरबारी व खाजगी जीवनातील दृश्ये आहेत. तरीही आतापर्यंतच्या विवेचनाची कसोटी येथे लावता येते. कारण दरबारी चित्रालाही स्वतःचा काळ असतो. कोणत्या प्रसंगी कोण कोणाच्या समोर, किती अंतरावर, कोणत्या पायरीवर उभा आहे, यावर त्या चित्राचा सारा अर्थ उभा असतो. आकृती कापून दुसऱ्या बागेत नेऊन ठेवली की सरदार हा ‘पौर्वात्य पुरुष’ होतो आणि घटना ही ‘पौर्वात्य दृश्य’. मुरक्क्यात खंडाला जागा देण्यासाठी चौकट केली जाते. येथे चौकट आधी ठरली आणि चित्राला तिच्यात मावावे लागले. पहिल्या ठिकाणी सांधा ठिगळासारखा कबूल केला आहे. दुसऱ्या ठिकाणी तुकड्यांतून सलग दृश्याचा भास निर्माण करावयाचा असल्यामुळे सांध्याने लपणे अपेक्षित आहे. सांधा लपला की तुकड्याला आपण कोठून आलो हे सांगण्याची सोयच उरत नाही.

तुलनेसाठी रेम्ब्रांटचे उदाहरण उद्बोधक आहे. १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्याने मुघल चित्रांवरून रेखाटने केली. त्यांतील वीसहून अधिक आज उपलब्ध आहेत. वृक्षाखाली बसलेल्या चार वृद्धांचे त्याचे रेखाटन ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्याच रचनेचे मुघल चित्र शॉनब्रुनच्या दालनात आहे. रेम्ब्रांटलाही मुघल दरबाराचे ज्ञान नव्हते. त्यानेही आकृत्या आपल्या कामासाठी उचलल्या. परंतु चार वृद्ध एकमेकांचे बोलणे ऐकत आहेत, हा त्या चित्रातील संबंध त्याने ओळखला आणि आपल्या रेषेत राखला. अज्ञान दोन्हीकडे सारखेच होते. लक्ष देण्यात फरक होता.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, या दालनामुळेच ही चित्रे टिकली. अन्यथा ती कोठे गेली असती कोण जाणे. हा आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. भिंतीवर असल्यामुळेच ती विसाव्या शतकातील संशोधकांच्या हाती आली. योझेफ स्त्रिगोव्स्की यांनी १९२३ मध्ये या चित्रांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या शिष्या स्टेला क्रामरिश यांचाही पुढे या चित्रांच्या अभ्यासात सहभाग होता. आणि चित्रसूत्राचा इंग्रजी अनुवाद करून १९२४ मध्ये कलकत्ता विद्यापीठातर्फे प्रसिद्ध करणाऱ्या विदुषीही त्याच होत. ऋतुचित्रणाचे विधान आणि कापलेली चित्रे या दोन टोकांना एकाच अभ्यासकाने स्पर्श केला, ही घटना या विषयाची एकात्मता दर्शविते. परंतु टिकणे आणि समजणे या भिन्न गोष्टी आहेत. जतन झाले म्हणून रचना चांगली ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शॉनब्रुनचे दालन ही अठराव्या शतकातील युरोपीय अभिरुचीची स्वतंत्र कलाकृती आहे. तिला मुरक्क्याच्या मापाने मोजणे अन्यायाचे नव्हे काय? दालन ही स्वतंत्र कृती आहे, हे खरेच. म्हणून तिचे तुकडे सोडवून मूळ चित्रे पुन्हा जुळविण्याचा प्रयत्न करणे म्हणजे कात्री दुसऱ्यांदा चालविणे होईल. ती आहे तशीच राखली पाहिजे. परंतु राखणे म्हणजे प्रशंसा करणे नव्हे. लाकूड, सोने व आरशासारखी झळाळी यांच्या मेळात ती रचना यशस्वी आहे. चित्रांना दिलेल्या वागणुकीच्या दृष्टीने मात्र चित्रांचा तेथे कापडासारखा उपयोग झाला आहे. हे दोन्ही निर्णय एकाच वेळी देता आले पाहिजेत. समीक्षेचे काम त्याशिवाय पुढे जात नाही.

(६)

एकंदर विवेचनातून पुनर्योजनेची एक कसोटी निष्पन्न होते. खंडाला नव्या ठिकाणी असा शेजार मिळाला पाहिजे की, त्यामुळे त्याच्यातील एखादा सुप्त अर्थ जागा होईल. आणि तो दुसरीकडून आला आहे, हे पाहणाऱ्यास कळण्याची वाट खुली राहिली पाहिजे. जिवतीचा कागद या कसोटीस उतरतो. मुरक्का चित्रांच्या बाबतीत उतरतो, पद्यांच्या बाबतीत पुष्कळदा उतरत नाही. शॉनब्रुनच्या चौकटी शोभेच्या पलीकडे तिला उत्तर देत नाहीत.

ही कसोटी केवळ भूतकाळापुरती नाही. ऋतुचित्रांची पुनर्योजना आजही चालू आहे. तिचे स्थान मुरक्क्याऐवजी भित्तिपत्रिका, शुभेच्छापत्र व दिनदर्शिका हे आहे. बुंदीचे एक, कोट्याचे दोन, कांगड्याची चार अशी पाने जमवून बारा महिन्यांची दिनदर्शिका केली जाते, तेव्हा तोही एक मुरक्काच असतो. त्यात जानेवारीपासून आरंभ होतो, चैत्राचे पान कोठे तरी मध्ये येते, आणि जो युक्तिवाद चैत्रापासून फाल्गुनापर्यंत वाढत जावयाचा तो कापला जातो. वरची पद्याची पिवळी पट्टी जागेअभावी छाटली की श्रावण हा कोणताही पाऊस होतो. यात कात्रीचा दोष थोडा, शेजाराविषयीच्या अनास्थेचा अधिक.

सुट्या पानाचे वाचन करताना विद्यार्थ्याने म्हणून काही गोष्टींची सवय लावून घेतली पाहिजे. पानाचा मागील भाग पाहावा. पहाडी चित्रांवर पद्य पुष्कळदा तेथेच असते. हाशिया व चित्र एकाच काळाचे आहेत काय, हे तपासावे. केव्होर्कियन मुरक्क्यात शाहजहानकालीन पानांबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या नकलाही बांधलेल्या आहेत, हा इशारा पुरेसा आहे. पानावर क्रमांक असल्यास तो चित्राइतकाच महत्त्वाचा मानावा. आकृतीची नजर किंवा हात चौकटीबाहेर जात असेल, तर समोर कोणते पान असावे याचा विचार करावा. आणि ऋतू ओळखण्यासाठी केवळ मेघ व फुले यांवर विसंबू नये. चित्रातील माणसे त्या मेघांकडे पाहून परस्परांना काय सांगत आहेत, हे विचारावे.

संग्रहालयाच्या भिंतीवर श्रावणाचे पान एकटेच टांगलेले असते आणि खाली ‘पाऊस पाहणारे युगुल’ अशी चिठ्ठी असते. चिठ्ठीत खोटे काही नसते. परंतु त्या पानावरील स्त्री पाऊस पाहत नाही. ती कोणाला तरी थांबवीत आहे, आणि याआधी चार वेळा तिने तसे केले आहे. ती चार पाने भिंतीवर नसली तरी ती होती, एवढे भान राखून पाहणे अभ्यासकाच्या हाती आहे.